लिफ्टवाल्यानं सांगितलेला पिक्चर

कापडाच्या गोदामात मालाच्या लिफ्टवर जो माणूस होता, त्याला सगळे मामा म्हणायचे. मीही म्हणायचे. आता तोंडातून तो शब्द निघत नाही, पण लिहिताना दुसरं काय म्हणू? मामाच राहू दे.

मी हमालांच्या संघटनेचं काम करते. शिकले ते भांडून शिकले, कायदाही भांडता भांडताच वाचला. त्यामुळे गोदामात माझं येणं-जाणं होतं, आणि मालकाच्या माणसांना ते खुपायचंही. मॅनेजर मला बघितलं की खुर्ची सरकवायचा नाही, फाइल सरकवायचा. मामा मात्र लिफ्टमधलं स्वतःचं स्टूल पुढे करायचा. "बसा ताई. माल नाही, माणूसच आहात. वजन चालतं."

ती लिफ्ट म्हणजे एक लोखंडी पिंजरा. प्रत्येक मजल्यावर सरकती जाळी, पिंजऱ्यात एक पिवळा बल्ब, आणि मामा. गाठी वर जायच्या, गाठी खाली यायच्या, आणि त्याबरोबर मामाचे पिक्चर वर-खाली व्हायचे. तळमजल्यावर हिरोची एन्ट्री, दुसऱ्यावर प्रेम, तिसऱ्यावर मारामारी. हमाल चौथ्या मजल्यावर उतरायला तयार नसायचे. "मामा, एक खेप रिकामी मारा हो, तो जगतो का मरतो तेवढं सांगा!"

पण मामाचा खरा दरबार रविवारी दुपारी, सलूनवाल्याच्या दुकानात. दोन खुर्च्या, एक बाकडं, आरसा थोडा तडकलेला. जमणारे चौघंच: स्वतः सलूनवाला, समोरचा शिंपी, औषधाच्या दुकानातला काउंटरवाला, आणि रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर. मामा पाचवा. सगळे पिक्चरचे किडे. घरचं रडगाणं तिथं काढायचं नाही, हा पहिला कायदा. कुणी "बायकोचं डोकं..." असं सुरू केलं की सलूनवाला ओठांवर साबणाचा फेस लावायचा. खरोखर लावायचा.

दुसरा कायदा गमतीचा होता. ज्याची पाळी त्यानं नवीन पाहिलेला पिक्चर सांगायचा, पण फक्त इंटरव्हलपर्यंत. मग चहा. चहा पिता पिता बाकीच्यांनी सांगायचं, पुढे काय व्हायला पाहिजे. होईल काय, हे नाही. व्हायला काय पाहिजे. त्यावरून अशी जुंपायची की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत वस्तरे चाललेत. शेवटी सांगणारा खरा शेवट सांगायचा, आणि ज्याचा अंदाज बरोबर त्याची दाढी फुकट.

"गेल्या आठवड्यातला तो भुताचा बघितला का? भूत हिरोपेक्षा बरं दिसत होतं," शिंपी म्हणायचा.

"तुला फक्त कपडे दिसतात," काउंटरवाला म्हणायचा. "भुताचा झगा बघितलास ना?"

"झग्याला अस्तर नव्हतं! पडद्याइतका मोठा झगा आणि आत अस्तर नाही. तिथंच माझा विश्वास उडाला."

मास्तर हसायचे नाहीत. मास्तरांना प्रत्येक पिक्चर कच्चा वाटायचा. "भाबडेपणा आहे सगळा," म्हणायचे. "माणूस असा नसतो. माणूस वाकतो. ते दाखवायची कुणाची छाती नाही." मास्तर बोलले की मामा मान खाली घालून ऐकायचा, जसं शाळेत कधी ऐकायला मिळालं नव्हतं तसं.

तर हे असं चाललेलं. आणि मग तिसऱ्या मजल्यावरून आमचा एक हमाल पडला.

नीट सांगते, कारण सगळं इथंच आहे. हमाल हातगाडी ओढतो तेव्हा तो उलटा चालतो. तोंड गाडीकडे, पाठ लिफ्टकडे. जाळीपाशी आला की हात मागे नेऊन चाचपून सरकवतो. वर्षानुवर्षं सगळे असंच करतात, कारण लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तर जाळी सरकतच नाही. तिला खटका असतो. तिसऱ्या मजल्यावरचा खटका झिजला होता. जाळी सरकली. तो मागे पाऊल टाकत गेला, आणि लिफ्ट तेव्हा तळाला होती. मामा तिच्यात बसला होता. आवाज त्याच्या डोक्यावर झाला.

खटका गेलाय हे मामाला माहीत होतं. त्यानं मॅनेजरला सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, पण तोंडी, आणि आजूबाजूला कुणी नसताना. मॅनेजर आता कानावर हात ठेवून बसला. चौकशी लागली. म्हणजे सगळं एका माणसाच्या तोंडावर आलं. मामा बोलला तर चूक मालकाची. मामा बोलला नाही तर चूक मेलेल्याची, आणि त्याच्या बायकोच्या हातात भोपळा.

मी मामाकडे गेले. "मामा, दोन वाक्यं. खटका गेला होता, आणि मी सांगितलं होतं. बास."

"सांगतो की ताई. खरं तेच सांगायचं ना."

"घाबरणार नाही ना?"

"कुणाला? मॅनेजरला? तो स्वतः लिफ्टमध्ये बसायला घाबरतो."

मी हसले. मी हमालाच्या बायकोला जाऊन सांगितलंसुद्धा, काळजी सोड, मामा आपला आहे.

माझ्या पाठोपाठ मॅनेजर मामाच्या खोलीवर गेला. हे मला मामीनं नंतर सांगितलं. गोदामाच्या आवारातच, तळमजल्यावर, मालकानं दिलेली खोली ती. मामीचे दोन्ही गुडघे गेलेले. चार पायऱ्या म्हणजे तिला डोंगर. मॅनेजर खाटेच्या कडेला बसला, गुडघ्यांची चौकशी केली, म्हणाला, "मामी, ही खोली तुमचीच समजा, मामा रिटायर झाले तरी." मग मामाकडे वळून म्हणाला, "विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. वय झालंय, विसरतो माणूस. एवढंच." दम नाही, धमकी नाही. दम दिला असता तर कदाचित मामा चिडला असता. गोड बोलणाऱ्यावर चिडायची सवय गरिबाला नसते.

साक्षीच्या आधीच्या रविवारी मामाची पाळी होती. पुढचं मला सलूनवाल्यानं सांगितलं.

मामा म्हणाला, "परदेशी पिक्चर आहे. भाच्याच्या मोबाइलवर बघितला. नाव वाचता येत नव्हतं." मग सांगायला लागला. एक बंदर. बंदरात क्रेन. क्रेन चालवणारा एक म्हातारा. आकड्याची साखळी झिजलेली. म्हाताऱ्यानं साहेबाला सांगितलेलं, साहेबानं हो हो केलेलं. एक दिवस साखळी तुटते आणि खाली म्हाताऱ्याचा दोस्त मरतो. साहेब म्हाताऱ्याच्या घरी येतो. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. साहेब म्हणतो, घर तुझंच, फक्त आठवत नाही म्हण.

"इंटरव्हल," मामा म्हणाला.

काउंटरवाला सगळ्यांत आधी बोलला. "मामा, हे तर तुमच्या गोदामासारखंच झालं की!"

"म्हणून तर लक्षात राहिला," मामा म्हणाला.

बास. एवढ्यावर विषय गेला. मला अजून कळत नाही. त्या हमालाची दाढी याच दुकानात व्हायची. पण खटक्याचं त्यांना ठाऊक नव्हतं, मॅनेजर घरी आल्याचं ठाऊक नव्हतं, आणि चहा आला होता.

"साक्ष देणार," सलूनवाला म्हणाला. "द्यायलाच पाहिजे. दोस्त होता त्याचा."

"हॅ!" शिंपी म्हणाला. "कोर्टाचा सीन, टाळ्या, म्हातारीच्या डोळ्यात पाणी. शंभर वेळा बघितलाय. तिकिटाचे पैसे परत द्या."

"तू अजून जुन्या पिक्चरमध्येच राहतोस रे," काउंटरवाला सलूनवाल्याला म्हणाला. "म्हातारी आजारी दाखवलीय ती कशाला? उगाच? तिच्यासाठी तो गप्प बसणार. फिक्स."

मामानं विचारलं, "आणि मेलेल्याची बायको?"

"तिचं काय? साइड रोल. एक सीन रडते, गेली."

मग मास्तर बोलले. कप खाली ठेवला आणि बोलले. "आठवत नाही म्हणणं हे पुचाट आहे. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. लेखकात दम असेल तर म्हाताऱ्यानं उभं राहून म्हणावं, मेलेल्याचीच चूक होती. स्वतःच्या दोस्ताची. तेव्हा सीन उभा राहील. वाकायचं तर असं वाकावं की बघणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. तो खरा माणूस."

शिंप्यानं "वा मास्तर!" केलं. सलूनवाला म्हणाला, "मास्तर, पण त्याला झोप येईल का हो नंतर?" मास्तर म्हणाले, "झोपेचा सीन दाखवायचाच नाही." सगळे हसले. मामाही हसला, असं सलूनवाला म्हणतो.

"चला मामा, सांगा. काय होतं पुढे?"

मामानं रिकामा कप बाकड्यावर ठेवला. मग म्हणाला, "मास्तर म्हणाले तेच."

मास्तर लगेच खुर्चीत जाऊन बसले. दाढी फुकट.

चौकशीच्या खोलीत मी होते. एक लांब टेबल, एक पंखा, अधिकारी, मॅनेजर, भिंतीला टेकून हमालाची बायको. अधिकाऱ्यानं विचारलं, खटक्याबद्दल कधी तक्रार केली होती? मी मॅनेजरकडे बघत होते, त्याचं तोंड कसं उतरतं ते बघायला.

"नाही साहेब," मामा म्हणाला. "खटका चांगला होता. तो घाईत होता. मागे बघितलं नाही त्यानं. त्याचीच चूक."

मॅनेजरसुद्धा दचकला. त्यानं एवढं मागितलंच नव्हतं.

आवारात मी मामाला गाठलं. काय काय बोलले ते छापता येणार नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि माझं संपल्यावर म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं. चार माणसांना विचारलं. शिकलेली माणसं. एकटा सलूनवाला नको म्हणाला, आणि त्याला सगळ्यांनी हसून गप्प केलं."

"काय विचारलं? कुणाला?"

"तुम्ही नाही पिक्चर बघत," तो म्हणाला, आणि खोलीत गेला.

तेव्हा मी सलूनवाल्याकडे गेले. दुकान रिकामं होतं. सांगता सांगता तो मधेच थांबला, मामाच्या "परदेशी पिक्चर आहे" या वाक्यापाशी, आणि त्याचं त्यालाच कळलं. पुढचं त्यानं खाली बसून सांगितलं.

बाकीच्यांनाही मी सोडलं नाही. एकेकाकडे गेले. काउंटरवाल्यानं गोळ्या मोजता मोजता मान हलवली. शिंपी रडायला लागला; म्हणाला, "आधी सांगायचं ना, खरं आहे म्हणून. आम्ही वेगळं बोललो असतो." हे मला सगळ्यांत जास्त लागलं. म्हणजे तोंडात दोन उत्तरं तयार होती, एक खऱ्या मेलेल्यासाठी आणि एक खोट्या मेलेल्यासाठी, आणि त्या दुपारी आमच्या माणसाच्या वाट्याला दुसरं आलं. मास्तर दारातच उभे राहिले. "वाईट झालं," म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "पण पिक्चर म्हणून शेवट तोच बरोबर होता." मी जिना उतरले. थांबले असते तर माझ्यावरच केस झाली असती.

निकाल लागला. हमालाचा निष्काळजीपणा. मालकानं मन मोठं केलं आणि बायकोला गोदामातच ठेवून घेतलं, चौथ्या मजल्यावर, कापडाचे तुकडे निवडायला. खटका नवीन बसवला. मामा रविवारी सलूनकडे फिरकत नाही. लिफ्टमध्ये गप्प असतो. नवीन हमालांना वाटतं, मुका आहे.

अपिलाची मुदत होती. कागद माझे तयार होते; लागत होती ती फक्त तिची सही. मी तिच्या खोलीवर गेले. ती मुलीला शाळेसाठी तयार करत होती, वेणी घालत होती.

"नको ताई," ती म्हणाली.

"अगं, खटका गेलेला होता. लिफ्टवाल्यानं खोटं सांगितलं. दडपणाखाली सांगितलं."

"मामा कशाला खोटं बोलतील?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काहीतरी घाण बोलले. "ह्यांना धाकट्या भावासारखं मानायचे. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, मालकाचा माणूस. पण मामांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, त्याचीच चूक. भावासारखा माणूस असं उगाच बोलेल का? किती जड गेलं असेल त्यांना."

"सगळेच हमाल मागे न बघता चालतात गं. कामच तसं आहे."

"बाकीचे पडले नाहीत ना."

मी खूप बोलले. समजावलं, चिडले, पाया पडायची बाकी राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वेणीला रिबीन बांधली. मुलगी दप्तर घेऊन दाराकडे पळाली, उंबऱ्यापाशी मागे वळून मला टाटा करायला लागली, उलटी चालत.

"पुढे बघ!" आई ओरडली. "पुढे बघून चाल. बापासारखं करू नकोस."