अर्थमंत्र्यांच्या मापाचं डोकं

गुंडाला देवानं दीड एकर ऊस, एक बडबडी बायको आणि हंबीररावांच्या मापाचं डोकं दिलं होतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी गावात बऱ्याच जणांकडं होत्या. तिसरी मात्र त्याच्या एकट्याची, आणि तिचा त्याला इतका माज की भर उन्हातही तो डोक्यावर काही घेत नसे.

हे माप सापडलं हंबीरराव पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा. पाटण तालुक्यातल्या याच गावचा माणूस, सत्कार दणक्यात व्हायला हवा होता. पण आमदारांना त्या दिवशी अख्खा तालुका फिरायचा होता, आणि फेटा बांधणारे आकारामतात्या एका फेट्याला एक पंगत उठेपर्यंतचा वेळ घेत. तेव्हा फेटा आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर बांधून तयार ठेवायचं ठरलं. तात्यांनी गावातली डोकी चाचपली आणि गुंडाच्या दाट केसांवर हात ठेवून म्हणाले, हेच. संध्याकाळी तो फेटा उचलून आमदारांच्या डोक्यावर ठेवला, तर असा बसला की जणू तिथंच उगवला होता.

पुढं हंबीरराव मुंबईत मंत्री झाले, त्यांचं खातं वाढलं, मग ते दिल्लीला गेले. दर बढतीला सत्कार, दर सत्काराला फेटा, आणि प्रत्येक फेटा आधी गुंडाच्या डोक्यावर. साहेब येईपर्यंत मंत्री आपणच असतो, असं तो पारावर सांगे. सत्काराच्या दिवशी चंद्राबाईनं बैलांना वैरण टाका म्हटलं, तर हा आपल्या बायकोला अर्ज आणायला सांगे.

दिल्लीला गेल्यावर साहेब काही वर्षं गावाकडं फिरकले नाहीत. सत्तर सालानंतर एके दिवशी पारावर वर्तमानपत्र वाचलं गेलं. मंत्रिमंडळ बदलणार होतं, हंबीररावांचं नाव अर्थखात्यासाठी चर्चेत होतं, पण काही नक्की नव्हतं. गुंडाला घास गोड लागेना. देशाची तिजोरी आपल्या डोक्यावरून जायची म्हणजे काय थट्टा आहे? त्यानं औंधच्या यमाईला हात जोडले. साहेब अर्थमंत्री होऊ देत, डोक्यावरचे सगळे केस तुला वाहीन. आपण बोलतोय काय, याचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. ते डोकं बाहेरून फार चांगलं होतं.

देवी पावली. हंबीरराव अर्थमंत्री झाले. गावानं गूळ वाटला, आणि गुंडा आनंदाच्या भरात एसटीनं औंधला जाऊन, डोंगर चढून, नवस फेडून आला. त्याला दारात बघून चंद्राबाईनं कोण गेलं म्हणून गळाच काढला. नवसाचं कळल्यावर ती थांबली आणि त्याच्या तुळतुळीत डोक्याकडं बघत म्हणाली, "आवं, पर फेट्याच्या मापाचं काय?"

गुंडा उंबऱ्यावरच खाली बसला.

सत्कार आठवड्यावर आला होता. गुंडानं रोज खोबरेल चोळलं, तात्यांकडं जाऊन गयावया केली, डोक्यावर गोधडीचा तुकडा ठेवून वरून बांधा म्हणाला. अर्थमंत्र्यांचा फेटा गोधडीवर बांधायचा नाही, असं सांगून तात्यांनी धुळाला बोलावलं. धुळा म्हणजे गुंडाच्या बांधाचा शेजारी, डोक्यावर केसांचं टोपलं. सत्काराच्या सकाळी धुळा तो फेटा घालून अख्ख्या गावातून मिरवला, आणि गुंडाच्या दारावरून जरा सावकाशच गेला. गुंडा मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभा राहिला. एवढी मंत्रिपदं ज्या डोक्यावरून गेली, त्याच्याकडं आज कुणी बघेना. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

हंबीरराव आले. हलगी कडाडली, तात्या फेटा घेऊन पुढं झाले. साहेबांनी टोपी काढली आणि हलगीवाल्याचा हात वरच राहिला. साहेबांच्या डोक्यावर औषधालाही केस उरला नव्हता. वर्तमानपत्रातल्या फोटोत टोपीखालचं काही दिसत नाही, त्याला कोण काय करणार? तात्यांनी घाईघाईनं फेटा ठेवला, तर तो भुवया ओलांडून थेट नाकावर आला. देशाचे अर्थमंत्री फेट्याच्या आत गेले.

हसायचं धाडस कुणी करेना. मग फेट्यातून आवाज आला, "गुंडा कुठं हाय?"

लोकांनी गुंडाला जवळजवळ उचलूनच पुढं नेलं. साहेबांनी फेटा वर सारला आणि दोघं एकमेकांची डोकी बघत राहिले.

"तुझं कुठं गेलं रं?"

"देवीला दिलं, साहेब. तुमचं?"

"दिल्लीला दिलं, गड्या."

मग मांडव जो हसत सुटला तो कुणाला आवरेना. साहेब तर डोळे पुसत होते. तात्यांनी गुंडाला साहेबांच्याच खुर्चीत बसवून त्याच्या डोक्यावर फेटा नव्यानं बांधायला घेतला. पुढची गावं वाट बघत होती, पण देशाचे अर्थमंत्री उघड्या डोक्यानं शेजारी उभे राहिले. बांधलेला फेटा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. भाषण संपेपर्यंत तो तसूभर हलला नाही.

घरी जाताना गुंडाचे पाय जमिनीवर नव्हते. पण अंथरुणावर पडल्यावर त्याला साहेबांची दया आली. आपले केस दिवाळीपर्यंत येतील, त्यांचे काही येणार नाहीत. सकाळी उठून त्यानं न्हाव्याला निरोप धाडला की आता दर पंधरवड्याला येत जा.

चंद्राबाईनं कपाळावर हात मारला. नवस फिटला, सत्कार झाला, आता तरी वाढू द्या म्हणाली.

"साहेबांचं वाढू दे," गुंडा म्हणाला, "मग माझं वाढवतो."