खंडेनवमीचं अपडेट

सोनईजवळच्या एका गावात दूध डेअरीचा मी सेक्रेटरी, आणि बायको हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवते. आमची भांडणं कशावरून, तर विंडोज भारी की लिनक्स! माझ्या विंडोजनं डेअरीच्या जुन्या कॉम्प्युटरची निम्मी डिस्क खाल्ली होती. तिची अख्खी लिनक्स पेनड्राइव्हवर मावायची. "एवढीशी सिस्टीम, ती काय कामाची?" मी म्हणायचो. ती म्हणायची, "एवढा पसारा, तो वेळेला उठतो का तेवढं बघा."

खंडेनवमीला आम्ही कॉम्प्युटरही पूजतो, आणि पूजा होईपर्यंत हत्यार बंद ठेवायचं असतं. एरवी आमचा कॉम्प्युटर महिनोन् महिने चालूच. दुपारी मी बंद केला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. संध्याकाळी चालू करतो तर पडद्यावर एकच वाक्य: अपडेट चालू आहे, बंद करू नका. साचलेली सगळी अपडेटं विंडोजबाबाला आत्ताच करायची होती!

बाहेर कॅनांची रांग. काटा आणि फॅटचं मशीन त्याच कॉम्प्युटरला जोडलेलं. शीतकरण केंद्राचा टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. तो गेला की गावाचं दूध नासलं आणि माझी नोकरीही गेली. चेअरमन आधीच माझ्यावर खार खाऊन होते.

"ओ सेक्रेटरी, घेताय का न्हाई दूध? लई येळ झाला राव!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

अपडेटच्या टक्क्यांचा आकडा जागचा हलेना. शेवटी नाक मुठीत धरून बायकोला फोन केला.

ती आपला जुना लॅपटॉप घेऊन आली, पेनड्राइव्ह खोचला. मिनिटभरात चालू! पण लिनक्सला आमचा काटाच ओळखेना.

"आता गं?" मी ओरडलोच.

"ओरडायचंच असेल तर आकडे ओरडा," ती म्हणाली.

मी काट्यावरचं लिटर आणि मशीनवरचं फॅट वाचत गेलो, ती लॅपटॉपवर भरत गेली. शेवटचा कॅन टेम्पोत चढला तरी माझ्या पडद्यावरचं चक्र फिरतच होतं.

तेवढ्यात चेअरमन आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, उद्यापासून तुम्हीच बसा या खुर्चीवर." लोक फिदीफिदी हसले. मीही हसलो, पण खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"ती खुर्ची रिकामी नाही," बायको लॅपटॉप मिटत म्हणाली. "आणि कॉम्प्युटर अधूनमधून बंद करायचा असतो, हे यांना सांगायचं माझ्याकडूनच राहिलं."

तिनं ते मला शंभरदा सांगितलं होतं.