दिसलं नाही तेही

माझी धाकटी बहीण हिंगोलीत सोनोग्राफीची डॉक्टर होती. तिला जाऊन आता वर्ष होईल. मी शिक्षिका; शाळा सुटली की मी तिच्या सेंटरवर जायची, बाकावर पुस्तक उघडून बसायची आणि तिचं काम आटोपलं की दोघी मिळून घरी यायचो. वाचन फारसं व्हायचं नाही. बाकावरची माणसं वाचू द्यायची नाहीत.

जवळा बाजार गावाकडची एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन यायची. मुलीच्या मोठ्या आतड्याला सूज होती. जुलाब व्हायचे, रक्त पडायचं. नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासून औषधं सुरू केली होती. पुढं मध्ये मध्ये सोनोग्राफी करायची ठरलं होतं. सुजेनं जाड झालेली आतड्याची भिंत पोटावरून मोजता येते, सूज उतरली की पातळ झालेलीही दिसते.

आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची, असाच समज. एकदा बाकावरच्या कुणीतरी मुलीकडं बघत विचारलंच, "काहून आणली वो हिला? लगीन कधी केलं?"

"आतडं बघायला आणली," आई म्हणाली. "पोटात आतडं बी असतंय बाई. तुमच्या न्हाई का?"

मी पुस्तकाआड हसले.

एका खेपेला मात्र आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. घरात गोळ्या दिसल्या तर बोलणी मोडतील, म्हणून सोनोग्राफी चांगली आली की औषध बंद करायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. तपासणीला बराच वेळ लागला. बाक रिकामा झाला होता. बहीण रिपोर्ट सांगायला बाहेर आली.

"मागच्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे. सूज उतरली आहे."

"मग लिहा, बरी झाली म्हणून. गोळ्या बंद."

"अगदी खालचा भाग मला नीट दिसला नाही, मावशी. तो कमरेच्या हाडांत खोल असतो. आणि हिला अजून थोडं रक्त पडतंय. दुर्बिणीनं बघितल्याशिवाय औषध थांबवू नका."

"एवढी मोठी मशीन घेऊन बसल्या, अन् दिसत न्हाई म्हणता?"

"पोटावरून बघते मी. आत शिरून नाही."

"एक ओळ तर लिहायची, म्याडम. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. हिचं जाईल."

बहिणीनं जे दिसलं ते मापासकट लिहिलं आणि खाली, शेवटचा भाग नीट दिसला नाही, असंही लिहिलं. मुलीनं कागद हातात घेऊन सावकाश वाचला.

"आई, नांदेडला जाऊ. पाहुण्यायचं मागून बघू."

आई पुटपुटतच पायऱ्या उतरली.

नांदेडला खालच्या भागात सूज निघाली. वरचं आतडं बहिणीनं लिहिलं होतं तसंच, जवळजवळ बरं झालेलं होतं. अशा प्रत्येक पेशंटनंतर ती तिथल्या डॉक्टरांना फोन करून दुर्बिणीत काय आढळलं ते विचारायचीच. आपलं बघणं किती खरं, हे तिला पडताळून घ्यायचं असे. त्या दिवशी फोन ठेवून ती एवढंच म्हणाली, "जुळलं." आणि चहा सांगितला.

ती डॉक्टर झाली तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले होते. पण समोर कुणी हट्टाला पेटलेलं असताना, आपल्याच सहीनिशी 'दिसला नाही' असं लिहिणारी माझी बहीण मला त्याहून मोठी वाटली. अजून वाटते.

ती गेल्यावर त्या मायलेकी घरी भेटायला आल्या. मुलीची तब्येत भरली होती, औषध चालू होतं. आधीचे पाहुणे गोळ्यांचं ऐकून परत गेले, दुसरे ऐकूनही थांबले, असं आईनं सांगितलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई भांडले मी म्याडमशी. आता तिथं नवे डॉक्टर बसतेत. त्यायचं बराबर हाय का न्हाई, आमाला कसं समजावं?"

"मागच्या खेपेला मी विचारलं की," मुलगी म्हणाली. "म्हटलं, सर, काय दिसलं न्हाई तेबी सांगा."

"मग?" मी विचारलं.

"आधी माझ्या तोंडाकडं बघतच राहिले. मग पुन्हा मशीनच्या पडद्याकडं वळले."