नडगीत न टिकलेलं हाड

डॉक्टरांनी दोन एक्स-रे काचेवर शेजारी शेजारी लावले. जानेवारीतल्या फिल्ममध्ये माझ्या नडगीच्या मोडलेल्या जागेभोवती पुसट ढगासारखं नवं हाड दिसत होतं. एप्रिलच्या फिल्ममध्ये तिथं काहीच नव्हतं.

आमच्या ह्यांनी विचारलं, "गेल्या टायमाला हाड व्हतं ना, सायेब? मंग गेलं कुठं?"

"शरीरानंच खाल्लं," डॉक्टर म्हणाले.

मी मंचरजवळच्या अवसरी गावात शिवणकाम करायची. ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. महाळुंग्याच्या रस्त्यावर लुना घसरली आणि नडगी मोडून हाड बाहेर आलं. प्लेट बसवली, पण जखमेतून पू येतच राहिला. मग पुण्यात कमरेचं थोडं हाड काढून मोडलेल्या जागी भरलं. याला बोन ग्राफ्ट म्हणतात. तेच आता नाहीसं झालं होतं.

डॉक्टरांनी समजावलं. ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी. त्या सगळ्यांच्याच अंगात असतात. त्या जुनं हाड काढतात आणि दुसऱ्या पेशी नवं बांधतात. माझ्या पायात पुवामुळे त्या चेकाळल्या होत्या. कोवळं हाड धरायच्या आतच विरघळत होतं.

दुसरा ग्राफ्ट झाला. सासूबाई हाड जुळावं म्हणून हाडसांधीची वेल वाटून द्यायच्या. दर महिन्याला मंचरहून एसटीनं पुण्याला जायचं, दवाखान्यातल्या बाकावर पाय आडवा टाकून नंबराची वाट बघायची. तिथं बसणारे एकमेकांचं नाव विचारत नसत, कितवं ऑपरेशन ते विचारत.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा हाड दिसलं. ह्यांनी पेढे वाटले. पाचव्या महिन्यात ते विरळ झालं, सातव्यात गेलं.

डॉक्टर म्हणाले, "ताई, तिसऱ्यांदा करता येईल. पण ते टिकेल असं मी सांगणार नाही. गुडघ्याखालून पाय काढला तर पू थांबेल."

हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हणाले, "काढा."

तुमच्यावर अशी वेळ आली, तर फिल्ममध्ये हाड दिसताच पेढे वाटू नका. आणि खरं सांगणारा डॉक्टर भेटला, तर त्याचे उपकार माना. ते मानायला आम्हाला उशीर झाला.

पाय गेला त्या आठवड्यात मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. आता वाट बघायची राहिली नव्हती.