करीच्या दिवशीची झूल

मी देवाला फसवत होतो असं म्हणणं जरा जास्त होईल, पण त्याच्याशी सरळ वागत होतो असंही नाही. सलग सात वर्षं मी श्रावण पाळला. महिनाभर दारूला शिवायचं नाही, पहाटे आंघोळ, सोमवारी उपास, संध्याकाळी गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात पोथी. माझा आवाज बरा आहे, म्हणून वाचायला मलाच बसवायचे. महिना संपताना पोळा यायचा. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी मटण शिजतं आणि श्रावण पाळणारे बरेचजण दुपारपासूनच प्यायला बसतात. मीही बसायचो, तो जवळजवळ पुढचा श्रावण येईपर्यंत. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. उलट जो श्रावण पाळतो तो दारुडा नव्हे, असा एक समज आहे, आणि तो मी जिवापाड जपला होता. कोणी बोललंच तर मी म्हणायचो, ‘मनात आणलं की महिनाभर सोडतो की नाही?’ समोरचा मान डोलवायचा.

माझं अनसिंगला शिलाईचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, ब्लाउज, पोळ्याच्या आधी बैलांच्या झुली. घरी बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. चार वर्षांपूर्वीच्या करीला मी भरलं ताट बायकोच्या अंगावर भिरकावलं. कडा ओठाला लागली आणि दोन टाके पडले. टाके घालणं हा माझा धंदा, म्हणून ते दोन मला फार दिवस दिसत राहिले. पण त्या दिसण्यानं पिणं थांबलं नाही. तेव्हापासून ती दर करीला सकाळच्या बसने मुलीला घेऊन कामरगावला भावाकडे जायची आणि चार दिवसांनी परत यायची. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मागच्या वर्षी श्रावण लागला आणि नेहमीप्रमाणे मी एका दिवसात बंद केली. दरवर्षी पहिले तीन-चार दिवस अंग थरथरायचं, घाम सुटायचा. त्याला मी उपासाचा गुण समजत होतो. या खेपेला दुसऱ्याच दिवशी मशीनवर बसल्या बसल्या फिट आली. शेजाऱ्यांनी वाशिमला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण त्यांनी माझी भीड ठेवली नाही. म्हणाल्या, “इतकी पिणाऱ्यानं अशी एकदम सोडली तर जीव जाऊ शकतो. दरवर्षी हा खेळ करू नका. सोडायची तर कायमची सोडा, आमच्या औषधावर सोडा.” आठवडाभर ठेवून घेतलं. निघताना सांगितलं की पोट रिकामं ठेवू नका आणि संध्याकाळ रिकामी ठेवू नका. मला ते फारच साधं वाटलं. एवढ्या मोठ्या रोगावर काहीतरी मोठं सांगतील अशी माझी अपेक्षा होती.

तरी करत गेलो. साडेपाचला, भूक असो नसो, भाकर खायची. खिशात गूळ-फुटाणे. सकाळी एसटी स्टँडपर्यंत चालत जाऊन यायचं. सहाला दुकान बंद करून देऊळ, पोथी, आठला घर, गोळी, झोप. हात अजून कापत होते, सुईत दोरा जात नव्हता. बायको रोज सकाळी दहा-बारा सुयांत दोरे ओवून सुया टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवायची. श्रावण असा निघाला. पण मला आतून माहीत होतं की या सगळ्याला श्रावणाचा टेकू आहे. पोथीची समाप्ती झाली, देवळातली सतरंजी गुंडाळली गेली, आणि तो टेकू त्या रात्री निघाला.

करीच्या सकाळी बायको पिशवी भरत होती. मी म्हटलं, या वर्षी नको जाऊस, मी सोडली आहे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “श्रावणाचं मले सांगू नका. सात श्रावण पाह्यले म्या. आज पेले तं मी वापस येत नाही. पोरीची शाळा तिकडंच पाहतो.” आवाज चढवला नाही, म्हणून मी जास्त घाबरलो. डबा भरून ठेवला होता. सुयाही ओवलेल्या होत्या.

ती मुलीला घेऊन गेली आणि मी दुकान उघडून बसलो. चारच्या सुमारास शेजारचा सायकलवाला आला. “काय मास्तर, सुटला ना श्रावण? चाल, वावरात कोंबडं शिजून राह्यलं.” मी म्हटलं, “तू हो समोर, येतो.” हे मी लपवणार नाही. मी जाणारच होतो. बायकोचं बोलणं आठवत होतं, मुलगी आठवत होती, डॉक्टरबाईही आठवत होत्या, आणि हे सगळं आठवत असतानाच माझे हात शटर ओढत होते. माणूस स्वतःला लांबून बघतो तसं मी स्वतःला बघत होतो, थांबवत मात्र नव्हतो.

शटर अर्ध्यावर आलं तेव्हा खालून पाय दिसले. साधारण सत्तरीची एक बाई वाकून आत बघत होती.

“बंद करता काय बाप्पा?”

“हो माय. करीचं कोन दुकान उघडं ठेवते?”

“मी तं लय दुरून आली,” असं म्हणत ती आत येऊन बाकावर बसलीच. पिशवीतून लाल कापड काढलं, गाठी मारलेली एक सुतळी काढली. “आमच्या महादेवाच्या नंदीले झूल पायजे. हे माप. आरसे लावजा, हातानं.”

मला तिला टाळायचं होतं. म्हटलं, “श्रावण तं सरला ना माय, आता कायले झूल?”

ती चिडली. “श्रावणात मी बिमार होती. आन् देव काय श्रावण सरला म्हून देवळातून उठून गेला काय?”

तिनं हे उपदेश म्हणून सांगितलं नव्हतं. कारणं सांगणाऱ्या शिंप्याला गिऱ्हाईक झापतं, तसं झापलं होतं. “उद्या दिवे लागाच्या वक्ताले येतो न्यायले. दुकान उघडं ठेवजा,” एवढं बोलून ती गेली. मी प्रत्येक कापडाला चिठ्ठी लावतो, नाव-गाव लिहितो. त्या दिवशी विचारायचंच राहिलं.

यानंतर मी काही मोठा निश्चय केला नाही. कापड मापून कापून ठेवू आणि मग तासाभरात वावरात जाऊ, असंच ठरवलं होतं. कापलं. काठ मुडपले. पाच वाजून गेले तेव्हा सवयीनं डबा उघडला आणि भाकर खाल्ली. पोट भरल्यावर ओढ थोडी सैल पडली, गेली नाही. मग हातानं आरसे टाचायला लागलो. मध्येच मला रडू फुटलं. कशाचं ते अजून नीट सांगता येत नाही; फार प्यावंसं वाटत होतं आणि समोर नंदीची झूल होती. रडून झाल्यावर पुढचा आरसा घेतला. सात वाजता बायकोचा फोन आला. जेवलात का, काय जेवलात, भाजी तिखट होती का. तिला भाजीशी देणंघेणं नव्हतं. जीभ जड आहे का ते ती ऐकत होती, म्हणून मी मुद्दाम लांबलचक उत्तरं दिली.

दुसऱ्या दिवशी ओवलेल्या सुया संपल्या. पाच-सहा वेळा चुकून सातव्यांदा दोरा माझा मला ओवता आला, आणि मी एकटाच दुकानात हसलो. दिवेलागणीला झूल तयार होती. बाई आली नाही. तिनं उघडं ठेवायला सांगितलं होतं म्हणून आठपर्यंत बसलो. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बायको परत आली ती घरी न जाता थेट दुकानात आली, दारातूनच माझं तोंड निरखलं आणि झुलीकडे बोट दाखवून म्हणाली, “कोनाची?” मी सगळं सांगितलं, वावरात निघालो होतो तेही. तिनं बाकावर बसून झूल मांडीवर घेतली, एकेक आरसा चाचपून पाहिला. मग म्हणाली, “येईल ते माय. तुमी उघडं ठेवत जा.”

त्या बाईची वाट बघण्यातच माझ्या संध्याकाळी जात राहिल्या. साडेपाचला खाणं, मग दिवा लावून हातशिलाई, आठला शटर, देवळात दोन मिनिटं, घर. जी वेळ मला सगळ्यात जास्त छळायची, त्याच वेळेला मला दुकानात हजर राहणं भाग होतं. महिन्यानं मी आजूबाजूच्या गावांत विचारलं, रिठदला पाहुण्यांकडे गेलो तेव्हा तिथंही चौकशी केली. अशी बाई कोणाच्या ओळखीची निघाली नाही. कार्तिकात गुरवाला विचारून ती झूल आमच्याच नंदीवर घातली. एक वीत तोकडी पडली. मी काठाला पिवळी पट्टी जोडली तेव्हा बसली.

ती कोण होती, यावर लोक मला निरनिराळं सांगतात. काहीजण तर माझ्याच पाया पडायला बघतात, तेव्हा मी सटकतो. मला काही ठाऊक नाही. ती पुन्हा आजारी पडली असेल, असंही कधी मनात येतं आणि मग वाईट वाटतं. तिच्यासाठी मी महादेवाला रोज सांगतो. मला एवढंच कळतं की मी देवाला जे देत होतो, तो महिना, तो उपास, तो आवाज, ते सगळं मी माझ्या मर्जीनं देत होतो आणि मर्जीनंच परत घेत होतो. त्या दुपारी माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नव्हतं, आणि तेव्हाच मला धरून ठेवलं गेलं. आता मी शपथ घेत नाही. सकाळी उठून ‘आजचं तू बघ’ म्हणतो आणि चालायला निघतो. औषध आणि दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत. लग्नसराईत एकदा पंगतीतून उठून दारूच्या टेबलापर्यंत गेलो होतो, तिथून परत आलो. उद्याची खात्री मला विचारू नका, माझ्याकडे नाही.

यंदाच्या करीला बायको घरीच होती. सकाळी तिनं मसाला वाटायला घेतला आणि मला म्हणाली, “मटन आना एक किलो. चांगलं पाहून आनजा.” त्या भिरकावलेल्या ताटानंतर करीला आमच्या घरी मटण शिजलं नव्हतं. मटणाचं दुकान दारूच्या दुकानाला लागून आहे हे तिला माहीत आहे. मी चपला घालताना वाट बघितली की ती मुलीला सोबत धाडेल. तिनं धाडलं नाही, लवकर या असंही म्हणाली नाही. रांगेत ओळखीचे सगळे भेटले, कोणी कोणी हाक मारली, मी मटण घेतलं आणि निघालो. महादेवाचं देऊळ वाटेवर नाही, पण मी फेरा घालून तिकडून आलो. हातात मटणाची पिशवी, त्यामुळे आत जाता येत नव्हतं. रस्त्याच्या कडेलाच उभा राहिलो. एकच हात मोकळा होता, तोच कपाळाला लावला.