बिनमिठाची पेज

तांदळाच्या पेजेची वाफ नाकात गेली, की मला इटलीतलं एक हॉटेल आठवतं, जे मी कधी पाहिलंही नाही. साठच्या दशकात बाबा आणि मी दुबईला खाडीकाठी एका कोंदट खोलीत राहायचो. खिडकीतून गलबतांच्या तेलाचा नि सुक्या मासळीचा वास यायचा. बोटीवर खलाशी असलेला माझा थोरला भाऊ आजारी पडला, आणि त्याला इटलीतल्या एका डोंगरावरच्या शहरात इस्पितळात ठेवलं. तो काही खातच नाही, असं नर्सचं पत्र आलं. "पेजेबिगर मरेल रे पोरगा! आपण दोघं जायचं. यल्ला, चल लवकर, हॉटेलला लिही, खोलीत स्टोव्ह लावू देतात का विचार!" बाबा रडकुंडीला आले. आमच्या ऑफिसातल्या इटालियन साहेबाने शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याचं एक स्वस्त हॉटेल सुचवलं. मी टाइपरायटरवर सगळं बडवलं: आजारी कोण, कुठल्या इस्पितळात, आणि पेज म्हणजे काय, कृतीसकट. जन्मात चूल न पेटवलेला मी! पासपोर्टचा पत्ता नव्हता, तरी बाबांनी ट्रंकेत तांदूळ भरून ठेवले. नमाज झाली तरी ते मुसल्यावरून उठेनात. महिन्याने पत्र आलं, ते भावाचंच. "हॉटेलवाली म्हातारी रोज डोंगर चढून तुझी पेज आणते. मीठ लिहायला विसरलास, गाढवा. पण भांडं पुसून खातो." आजही मी पेज ढवळायला लागलो की बायको आतून विचारते, "अहो, मीठ घातलंत का?" "घातलं," म्हणतो, आणि मग हळूच घालतो.