सलामीची जोडी

जुहेब मुकादमची आणि माझी ओळख एसीमुळे झाली. रोह्यात एसी-फ्रीज दुरुस्त करणारे तिघे-चौघे आहेत, त्यातला हा एक. कुंडलिका नदीच्या पलीकडे, अष्टमीत, त्याचं लहानसं दुकान आहे. आमच्या घरी तो शिडीवर चढून काम करत होता, तेव्हा त्याच्या खिशातल्या फोनवर कुठल्याशा सामन्याची कॉमेंट्री चालू होती. मी विचारलं, "कोण खेळतंय?" त्याने आखातातल्या एका छोट्या देशाचं नाव घेतलं. मी म्हटलं, "त्यांच्या मॅच कोण बघतं?" तो शिडीवरूनच म्हणाला, "मी बघतो. मी खेळलोय त्यांच्याकडून."

देशाचं नाव मी इथे घेत नाही. त्यानेच तशी विनंती केली. तिथे त्याचे मित्र अजून नोकऱ्या करतात.

जुहेबचं क्रिकेट बाकीच्यांसारखंच भात कापल्यावरच्या मोकळ्या शेतात सुरू झालं. टेनिस बॉल, चोपून केलेली खेळपट्टी आणि बक्षिसाला कधी सायकल, कधी बोकड. खांब गावच्या एका स्पर्धेत त्याच्या संघाची गाठ पेणच्या खाडीपट्टीतल्या एका गावाशी पडली. त्यांच्याकडून प्रविण म्हात्रे सलामीला यायचा. त्याची आई हौसा मिठागरावर काम केलेली. तो स्वतः नागोठण्याला कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्ट करायचा. त्या दिवशी प्रविणने जुहेबचा सोपा झेल सोडला, जुहेबचा संघ जिंकला, आणि बोकडही रोह्याला आला. एवढीच त्यांची ओळख.

पुढे जुहेब आखातात गेला. ते घराण्यातच होतं. त्याचे वडील सुलेमान यांनी त्याच देशात पंचवीसेक वर्षं वायरिंगची कामं केली होती. जुहेब एका कूलिंग कंपनीत लागला आणि शुक्रवारी कंपनी लीगमध्ये लेदर बॉलने खेळू लागला. दुसऱ्या हंगामात समोरच्या संघाचा एक पोरगा क्रीजवर येऊन म्हणाला, "आरं, तू रोयाचा ना? तुझा कॅच सोरला होता मी." प्रविणही तिथे वेल्डर म्हणून आला होता.

त्या वर्षापासून दोघं एकाच क्लबकडून सलामीला जायला लागले. जुहेब डावखुरा, प्रविण उजवा. जुहेब आधी चेंडू बघून घेणारा, प्रविण पहिल्याच चेंडूला बॅट फिरवणारा. गोलंदाजांना हे जमेना. सलग तीन वर्षं राहिलेल्या कुणालाही त्या देशाकडून खेळता येतं, नागरिक असायची गरज नाही, हे त्यांना क्लबच्या सेक्रेटरीने सांगितलं. तिथल्या संघात तसे सगळे असेच होते: कुणी लाहोरचा, कुणी कोल्लमचा, कुणी सिल्हेटचा. दोघांची निवड झाली.

जुहेबने घरी फोन केला तेव्हा आई खतीजा आधी खूश झाली. मग तिने विचारलं, "नि पासपोर्ट? तो बदलायचा काय?"

"नाय गो, तो आपलाच राहतो."

फोन सुलेमानच्या हातात गेला.  ते म्हणाले, "मी त्यांच्या घरांत लाइटी लावल्या. त्यांचं मीठ खाल्लं, ते विसरणार नाय. पण त्यांच्या झेंड्याखाली कधी उभा राहिलो नाय."

"अब्बा, खेळ हाय तो."

"खेळच असता तर झेंडा कशाला लावतात?"

 त्याने होकार आधीच दिलेला होता. खतीजाने पुन्हा फोन घेतला आणि ती म्हणाली, "आपल्याशीच गाठ पडली तर रे?"

"नाय पडत. ते कुठं, आमी कुठं."

प्रविणच्या गावात मात्र चौकात फ्लेक्स लागला. त्यावर प्रविणचा परक्या जर्सीतला फोटो, वर 'पेण तालुक्याचा अभिमान' आणि खाली शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले चेहरे. त्याची बायको दिपिका हिने त्या फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून पाठवला.

राष्ट्रगीत शिकण्याचा प्रसंग जुहेब हसत सांगतो. लहानपणी मदरशात गेल्याने त्याला अरबी अक्षरं वाचता येत होती, त्यामुळे त्याला वाटलं, आपल्याला हे सोपं जाईल. पण चाल पकडताना त्याची दमछाक व्हायची. प्रविणने सगळं देवनागरीत लिहून घेतलं, वेल्डिंग करता करता पाठ केलं आणि आठवड्यात खणखणीत म्हणून दाखवलं. मॅनेजर खूश झाला आणि इतरांना म्हणाला, याच्याकडून शिका.

दोन वर्षं ते आशियातल्या लहान देशांशी खेळले. मग एका स्पर्धेत भारताचा तरुण खेळाडूंचा दुसरा संघ उतरला आणि गटवारी लागली तेव्हा नको तीच गाठ पडली.

सामन्याआधी मॅनेजरने सगळ्यांना बसवून सांगितलं की, दुसऱ्या देशाचं गीत चालू असताना शांत उभं राहायचं, समोर बघायचं, हलायचं नाही. संघात भारतातले सहा जण होते. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मैदानावर आधी यजमान म्हणून त्यांच्या जर्सीच्या देशाचं गीत झालं. मग जन गण मन सुरू झालं. कॅमेरा रांगेवरून सावकाश फिरला. प्रविणचे ओठ हलत होते. तो नंतर म्हणाला, मला कळलंच नाही. शेजारी जुहेब समोर बघत सरळ उभा होता, तोंड बंद. "मी पहिल्या ओव्हरचा विचार करत होतो," तो मला म्हणाला. "त्यांचा तो उंच बॉलर आत आणतो की बाहेर नेतो, एवढंच डोक्यात होतं. आणि मॅनेजरने सांगितलं होतं, ते मी केलं."

सामन्यात दोघांनी सुरुवात चांगली केली. सहा ओव्हर झाल्या तरी जोडी फुटली नव्हती. दोघं नेहमीप्रमाणे मराठीत ओरडत होते: थांब, चल, दुसरी हाय, नको. इतकी वर्षं तीच त्यांची गुप्त भाषा होती. लाहोर-सिल्हेटवाल्यांच्या संघांपुढे ती कामी आली होती. या वेळी स्टंपमागे उभा असलेला पोरगा सांगलीचा होता, हे दोघांच्या लक्षात यायला उशीर झाला.

प्रविणने पॉइंटकडे चेंडू ढकलला आणि ओरडला, "एक हाय, चल!" जुहेब निघाला. अर्ध्यावर असताना प्रविण म्हणाला, "नको, नको, माघारी फिर!" जुहेब वळायच्या आत कीपरने पलीकडच्या टोकाकडे बोट दाखवून फिल्डरला आवाज दिला. चेंडू थेट तिकडे गेला. जुहेब दोन हात बाहेर होता. एकतीस धावा.

परत जाताना कीपर त्याला अगदी आदराने म्हणाला, "दादा, सगळं ऐकू येतंय. हळू बोलत जावा."

जुहेब तंबूत जाऊन बसला आणि हसत सुटला. शेजारच्याला कळेना, रनआउट होऊन हा हसतो का. मैदानात प्रविण नव्या फलंदाजाशी हिंदीत बोलायला लागला होता, पण ती तर अकराच्या अकरा जणांना कळत होती. तो चव्वेचाळीसवर गेला. सामना भारताने आरामात जिंकला. संध्याकाळी तो सांगलीचा पोरगा दोघांना शोधत आला, गाव विचारलं, बरोबर फोटो काढला.

रोह्यात मात्र वेगळीच गोष्ट पोचली. सामना फारसा कुणी पाहिला नव्हता. कुणीतरी राष्ट्रगीताचा तेवढाच तुकडा कापला होता: प्रविण गातोय, जुहेब गप्प. खाली लिहिलं होतं, 'फरक बघा.' दोन दिवसांत तो तुकडा रोहा, कोलाड, नागोठणे, पेण असा सगळीकडे फिरला.

सुलेमान बाजारात गेले तर ओळखीच्या दुकानदाराने वजन करता करता विचारलं, "चाचा, जुहेबला आपलं गीत येत नाय काय?" त्याने चेष्टेनेच विचारलं असेल. सुलेमान पिशवी तिथेच ठेवून घरी आले. जुहेबची बायको माहिरा घरात होती. तिच्या फोनवरही तो तुकडा आलेला होता, तोही अमोलकडून. अमोल हा जुहेबच्या शाळेतला, त्यांच्या टेनिस बॉल संघाचा कर्णधार.

खतीजाला काळजी वाटत होती की आता सुलेमान मुलाला फोनवर नको ते बोलणार. झालं उलटंच. त्यांनी फोन लावला आणि एवढंच विचारलं, "तुला गप्प उभं राहायला सांगितलं होतं?"

"व्हय."

"मग बरोबर केलंस. ज्याचं काम करतो त्याचं ऐकायचं." मग म्हणाले, "खेळायला जाऊ नको म्हणालो होतो, ते अजून म्हणतो. पण ह्यात तुझी चूक नाय."

दुसऱ्या दिवशी ते परत बाजारात गेले आणि राहिलेलं सामान घेऊन आले. 

तिकडे प्रविणलाही मॅनेजरने बोलावून घेतलं होतं. जर्सी कुणाची घातलीस, असं विचारलं. पुढच्या सामन्यात तो बाहेर बसला. कारण कुणी सांगितलं नाही. त्या रात्री दोघं मेसमध्ये जेवत असताना प्रविण म्हणाला, "मी एक व्हिडिओ टाकतो. सांगतो की आपल्याला तसं सांगितलं होतं."

"नको," जुहेब म्हणाला. "मग म्हणतील, प्रविणने सर्टिफिकेट दिलं. मला ते नको तुझ्याकडून."

प्रविणला ते लागलं. दोघं आठवडाभर नीट बोलले नाहीत. त्यानंतरच्या सामन्यात सलामीला मात्र एकत्र गेले.

त्या हिवाळ्यात दोघं एकाच वेळी सुटीवर आले. पेणला मोठी टेनिस बॉल स्पर्धा होती आणि आयोजक हैबतराव यांनी दोघांना पाहुणे खेळाडू म्हणून बोलावलं. जुहेब अमोलच्याच संघाकडून उतरणार होता. जाऊ नये, असं माहिराचं मत होतं. "लोक बघायला येतील, पण खेळ नाय बघणार," ती म्हणाली. तो गेला.

उद्घाटनाला मंडप भरलेला होता. दोन्ही संघ उभे राहिले. हैबतराव भाषण संपवून म्हणाले, "आता राष्ट्रगीत. आणि माझी इच्छा अशी आहे की, ते आपल्या जुहेबने सुरू करावं." आणि त्यांनी माइक पुढे केला. ते वाईट मनाचे नव्हते. बहुतेक त्यांना वाटलं असेल, एकदाचं होऊन जाऊ दे, पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

जुहेबने माइक हातात घेतला नाही. तो म्हणाला, "प्रविणला का नाय सांगितलं, साहेब?"

हैबतराव गडबडले. म्हणाले, "तसं नाही रे."

"सगळे उभे हायत. सगळेच म्हणू. मला एकट्याला नको."

 प्रविण समोरच्या संघातून निघाला, मैदान ओलांडून आला आणि जुहेबच्या शेजारी उभा राहिला. साउंडवाल्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने रेकॉर्ड लावून दिली. सगळ्यांनी म्हटलं. जुहेबनेही म्हटलं.

"शाळेत हजार वेळा म्हटलंय," तो मला म्हणाला. "कधी काय वाटलं नाय. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली, एखादा शब्द चुकला तर? आपले ओठ नीट हलतायत ना, ह्याच्याकडेच लक्ष. ते मला आवडलं नाय. गाणं आपलं, आणि परीक्षेला बसल्यासारखं म्हणायचं."

सामन्यात तो दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. परत आला तेव्हा अमोलने त्याला पाण्याची बाटली दिली. मग म्हणाला, "मी फक्त पुढे पाठवलं होतं रे. मी काय लिहिलं नव्हतं."

"माहीत हाय," जुहेब म्हणाला. "माहिराला पण तूच पाठवलंस."

 पुढे त्यांचं येणंजाणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं झालं नाही, असं जुहेब म्हणतो.

तो परत गेला आणि आणखी दीड वर्ष खेळला. मग त्याची कूलिंग कंपनी बंद पडली. दुसरं काम वेळेत मिळालं नाही, त्यामुळे तिथे राहण्याचा परवाना संपला. परवाना नाही म्हणजे संघातली जागाही नाही. पुढच्या स्पर्धेच्या यादीत त्याचं नाव होतं, पण ती सुरू व्हायच्या आधीच तो विमानात बसला. ज्या देशासाठी तो सलामीला जायचा, त्या देशात आता त्याला व्हिसाशिवाय पाऊल ठेवता येणार नव्हतं. यात त्याला अन्याय वाटला नाही. "करारच तसा होता," तो म्हणाला. "मला वाईट एवढंच वाटलं की प्रविणला नवा जोडीदार घ्यावा लागला."

प्रविण अजून तिथे आहे. आता खेळत नाही, संघाबरोबर सहायक म्हणून फिरतो. दर शुक्रवारी दोघांचा फोन होतो.

गेल्या महिन्यात मी कामासाठी जुहेबच्या दुकानात गेलो होतो. भिंतीला टेकवलेल्या फोनवर त्या देशाचा सामना लागला होता. सुलेमान स्टुलावर बसले होते, चष्मा पुसून पुसून बघत होते.

"हा डावखुरा पुढे का येत नाय?" त्यांनी विचारलं. "तू तर यायचास."

"तुमी बघायचात काय माझी मॅच?" जुहेबने वायर सोलता सोलता विचारलं.

"सगळ्या बघितल्या," सुलेमान म्हणाले. "खतीजाच्या फोनवर."

जुहेबने हातातलं काम खाली ठेवलं. एवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि कुणीतरी वॉशिंग मशीन उतरवायला हाक मारली. तो उठून गेला. सुलेमान परत सामना बघायला लागले.